बुधवारचे दोन ते चार

आमच्या कॉलेजात भूगोल शिकवणाऱ्या मॅडमना सगळे घड्याळबाई म्हणतात. नऊ वर्षं कॉलेजचं वेळापत्रक त्याच करतात. स्टाफरूमच्या टेबलावर चौकटींचा कागद पसरायचा, पेन्सिल कानामागे खोचायची आणि पंधरा दिवस आमची गाऱ्हाणी ऐकायची. कुणाला पहिला तास नको, कुणाला जेवणानंतरचा नको, काहींना तर तासच नको.

त्यांचा प्रबंधही नऊ वर्षांचाच. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. यंदा विद्यापीठाचं पत्र आलं, एकतीस डिसेंबरपर्यंत प्रबंध द्या, नाहीतर नोंदणी रद्द. दोन प्रकरणं उरली होती. घरी दोन खोल्या आणि सहा माणसं, तिथे काय लिहिणार? म्हणून त्यांनी पहिल्यांदाच वेळापत्रकात स्वतःसाठी जागा धरली. बुधवार, दोन ते चार.

तिसऱ्याच दिवशी मी त्यांच्याकडे गेले. मी इतिहास शिकवते, माझी खुर्ची त्यांच्या शेजारचीच. सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि व्यायामासाठी दवाखान्याने नेमकी बुधवारची दुपार दिली होती.

"माझा वर्ग तेवढा सांभाळाल का? दोन-तीन आठवड्यांचाच प्रश्न आहे."

त्यांनी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "घेते," म्हणाल्या आणि खोडरबर उचललं.

पुढच्या आठवड्यात नव्या मुलांपुढे त्यांचं दरवर्षीचं भाषण झालं. स्टाफमधले काहीजण मागे बसून 'लोका सांगे ब्रह्मज्ञान' म्हणत हसत होते. मीही हसले.

"आठवड्याची एक वही करा," त्या सांगत होत्या. "आधी तास लिहा, मग येण्याजाण्याचा वेळ, मग झोप. उरलं त्यात अभ्यास. निबंध लिहायला दिला की त्याच दिवशी पहिलं पान खरडा, वाईट का होईना. आणि ज्या तासावर तुमचं नाव नाही, तो कुणीतरी नेतोच."

पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली. "मॅडम, नाव लिहिलं तरी कुणी मागितला तर? म्हणजे घरचं खरंच काही अडलं असेल तर?"

"तर द्यायचा. पण वहीत 'वेळ मिळाला नाही' असं लिहायचं नाही. 'दिला' असं लिहायचं. आपला वेळ कुठे गेला हे आपल्याला तरी माहीत हवं."

ऑक्टोबरात सासूबाई काठीशिवाय चालायला लागल्या. दवाखाना सुटला. मी बुधवार मात्र परत केला नाही. आज सांगते, उद्या सांगते करत राहिले. दुपारी घरी जायचे, पडदा ओढायचे आणि झोपायचे. वर्षानुवर्षांची झोप साठली होती. त्या दोन तासांत मला कुणी हाक मारत नसे.

डिसेंबर संपला. एकच प्रकरण पुरं झालं. जानेवारीत पत्र आलं, त्यांनी ते वाचून घडी घातली आणि तासाला गेल्या. मी म्हटलं, "वाईट झालं." त्या "हं" म्हणाल्या.

दोन दिवसांनी तीच मुलगी स्टाफरूमच्या दारात आली. तिला वही कशी आखायची ते पाहायचं होतं. मॅडम वर्गावर निघाल्या होत्या. "माझी ड्रॉवरमध्ये आहे," त्या मला म्हणाल्या, "तिला दाखवा ना."

मी वही काढली. बारीक, सरळ अक्षर. प्रत्येक बुधवारी दोन ते चारच्या ओळीत एकच शब्द, 'दिला'. पानं उलटत मुलगी ऑक्टोबरपर्यंत आली. तिथे थोडं जास्त लिहिलं होतं. 'दिला. सासूबाई बाजारात भेटल्या, छान चालतात. सून बुधवारी दुपारची झोपते म्हणाल्या.'

त्याच्या पुढच्या बुधवारी, दिला. त्याच्याही पुढच्या बुधवारी, दिला. डिसेंबरच्या शेवटापर्यंत.

"मॅडम, कुणाला दिला?" मुलीने विचारलं. मला इतकी लाज वाटली की तिच्याकडे बघवेना.

"मला," मी म्हटलं.

पुढच्या बुधवारी दोनच्या ठोक्याला माझा वर्ग मी घेतला. चारला परत आले तेव्हा घड्याळबाई आपल्या खुर्चीत बसल्या होत्या. समोरचं टेबल मोकळं होतं. त्या तासाचं आता त्यांना काही करायचं नव्हतं.