पेंटरांची खेळणी काचेत गेली नाहीत

माझ्या थोरल्या दिरांना घरात आणि गल्लीत सगळे पेंटरच म्हणतात. उभा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेला. पैसा घरात कमी आणि भंगारवाल्याकडे जास्त गेला, कारण त्यांना पत्र्याच्या, चावीच्या जुन्या खेळण्यांचं वेड. दोन खोल्यांतली एक खेळण्यांची. जाऊबाई आणि लेक स्वयंपाकघरात झोपायच्या. लेकीला उंबऱ्यावरून बघायची मुभा होती. हात लावला तर त्या दिवशी जेवण नाही. ती लेक आता चाळिशीला आली.

खेळणं घरी आलं की पेंटर ते खरवडून गंज काढायचे आणि पाटीच्या रंगाने असं चकचकीत रंगवायचे की त्यात आपलं तोंड दिसावं. पोटाखाली बारीक सही, पाटीच्या कोपऱ्यात करतात तशी.

संग्रहालयाने जुन्या खेळण्यांच्या प्रदर्शनासाठी लोकांना आवाहन केलं, तेव्हा पेंटरांनी खोली रिकामी करून सगळी दिली. प्रदर्शन संपेपर्यंत परत मागणार नाही, असं कबूलही केलं. मग मान ताठ झाली.

"आता काचेत जाणार. तू भंगार म्हणायचीस ना?" ते जाऊबाईंना म्हणाले.

"जाऊ दे की. तुम्हालाही घेतात का विचारा," जाऊबाई म्हणाल्या.

काल उद्घाटन होतं. निघताना मी देवाला हात जोडून म्हटलं, या माणसाला एकदा तरी चारचौघांत मान मिळू दे.

काचेची कपाटं एकामागून एक बघत गेलो. आत दुसऱ्यांची खेळणी होती, पोचे आलेली, रंग उडालेली. पेंटर नाक मुरडत होते, "अशी घाण मांडतात का कोणी?" त्यांची खेळणी शेवटच्या दालनात सापडली. जमिनीवर सतरंजी, वर पाटी: मनसोक्त खेळा. पंधरा-वीस पोरं त्यांवर तुटून पडली होती. एकाने आगगाडीवर पाय दिलेला.

पेंटरांनी तिथल्या मॅडमना गाठलं. बाई गोड बोलणारी. "काका, तुम्ही वर नवा रंग दिलात ना, मूळ रंगच गेला. त्यांना आता जुनी म्हणता येत नाही. पण मुलं बघा किती खूश आहेत."

"परत द्या मग."

"प्रदर्शन संपलं की नक्की देऊ. जे उरेल ते."

पेंटर सतरंजीवर गेले आणि त्या पोराच्या पायाखालून आगगाडी ओढली. पोर आपटलं, रडायला लागलं. त्याची आई धावली, "आजोबा, या वयात लहान मुलांचं हिसकावता?" पहारेकरी आला. पेंटर म्हणाले, "माझी आहे ती." सगळे हसले. पहारेकऱ्याने विचारलं, "यांच्याबरोबर कोण आहे?"

जाऊबाई शेजारच्या कपाटातली बाहुली बघत राहिल्या. लेक तर सतरंजीवर मांडी घालून बसली होती. तिने ढोलवाला शिपाई उचलला आणि बापाकडे बघत चावी भरायला लागली.

शेवटी मीच त्यांचा दंड धरून बाहेर पायऱ्यांवर आणून बसवलं. दारातून ढोलाचा आवाज येत होता. चावी संपली की थांबायचा, पुन्हा भरली की सुरू.

"फार आवळतायत," पेंटर म्हणाले. "तो शिपाई नाजूक आहे. आत जाऊन सांग ना, अर्धीच भरायची."

मी उठले. तेवढ्यात आत कट्कन वाजलं आणि पोरं ओरडली.

जाऊबाई बाहेर आल्या, शेजारी बसल्या, चपलेचा पट्टा नीट केला. "थांबावं लागेल," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तुमची लेक आत्ता अस्वल घेऊन बसलीय. चांगली रमलीय."

पेंटरांनी कानांवर हात ठेवले. देवाने कोणाचं ऐकलं, ते मला अजून ठरवता येत नाही.