खारूचा उजवा हात

पट्टीकाकांनी आयुष्यभर मोडलेली हाडं सांभाळली, पण कुणी डॉक्टर म्हणून हाक मारली की ते कानाला हात लावायचे. "डॉक्टर वरच्या मजल्यावर. मी तळमजल्यावरचा," असं सांगायचे. दवाखान्याच्या तळमजल्यावर प्लास्टरची खोली होती आणि त्या खोलीत त्यांची चौतीस वर्षं गेली. डॉक्टर हाड जागेवर बसवून पुढे जात. मग त्यावर कापूस गुंडाळायचा, कोमट पाण्यात भिजवलेली प्लास्टरची पट्टी चढवायची, ती आळेपर्यंत हात धरून बसायचं आणि तेवढा वेळ त्या माणसाला बोलण्यात गुंतवून ठेवायचं, हे सगळं काकांकडे. संध्याकाळी ते घरी आले की फरशीवर पांढरी पावलं उमटायची. काकू दारात फडकं घेऊन उभ्याच असायच्या. "आलं आमचं पीठ," म्हणायच्या.

काकू पुस्तकं बांधायच्या. ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत खिळखिळी झालेली पुस्तकं त्यांच्यापुढे यायची आणि महिनाभरात ताठ होऊन परत कपाटात जायची. दोघांना मूलबाळ नव्हतं. घरात बोलायला माणसं दोनच, पण गप्प कुणीच बसायचं नाही.

एके दिवशी प्लास्टरच्या खोलीत एक पंधरा वर्षांची किडकिडीत मुलगी एकटीच आली. उजवा हात करंगळीच्या मागे टम्म सुजला होता.

"कुठे पडलीस?" काकांनी विचारलं.

"पडले नाही. मारलं."

"कुणाला गं बाई?"

"पिशवीला."

"पिशवीत काय दगड होते?"

"वाळू," मुलगी म्हणाली, आणि एवढ्या दुखण्यातही हसली.

ती एका जुन्या गोदामात चालणाऱ्या तालीमखान्यात जायची. तिथे मिक्स्ड मार्शल आर्ट्स शिकवत. काकांनी त्याचं नाव ठेवलं 'मिश्र मारामारी', कारण त्यात ठोसे होते, लाथा होत्या, खाली पाडून मुरगळणंही होतं, आणि हे सगळं जाळीच्या पिंजऱ्यात. प्लास्टर वाळेपर्यंत मुलगी एक मिनिट स्वस्थ बसेना. कधी स्टूल फिरव, कधी खिडकीत डोकाव. काका वैतागून म्हणाले, "खारूताई, बूड टेक की जरा!" तेच नाव पडलं. पुढे वर्तमानपत्रांनी तिला वाघीण केलं, पण काकांच्या घरात ती खारूच राहिली.

चार महिन्यांत खारू पुन्हा आली. तोच हात, तीच जागा.

"मारण्याआधी हाताला पट्टी कोण बांधतं तुझ्या?"

"मीच. डाव्या हाताने."

"दाखव."

तिने दाखवलं. काकांनी कपाळावर हात मारला. त्या रविवारी ते स्वतः गोदामात गेले. एका कोपऱ्यात खुर्ची मागून घेतली, तिच्यावर खारूसमोर उलटे बसले आणि खुर्चीच्या पाठीवर तिचा हात ठेवून बांधायला लागले. गॉझच्या पट्टीचे मनगटाभोवती तीन वेढे, मग अंगठा, मग बोटांच्या बेचक्यांतून एकेक अरुंद पट्टी, आणि वर चिकटपट्टी. शेवटी तिच्या अंगठ्याचं नख दाबून बघितलं. पांढरं झालेलं नख लगेच गुलाबी झालं. "रक्त फिरतंय. आता मार," म्हणाले. खारूने पिशवीला एक ठेवून दिली आणि वळून अशा काही नजरेने पाहिलं की काका पुढची अकरा वर्षं तिथून हलले नाहीत.

खारू मोठी झाली तशी लढती मोठ्या होत गेल्या, आधी शाळेच्या हॉलमध्ये, मग स्टेडियममध्ये, मग टीव्हीवर. कमरेला विजेतेपदाचा पट्टा आला. दर लढतीआधी काका तिचे हात बांधायचे आणि लढत सुरू झाली की मान खाली घालून बसायचे. मार त्यांना बघवत नसे. ते फक्त तिचे हात बघायचे. "जिंकली का हरली ते तुम्हाला लोकांच्या ओरडण्यावरून कळतं," काकू चिडवायच्या. "मग तिकडे जाता कशाला? घरी बसून मी ओरडते की!"

मग बॉक्सिंगचं आमंत्रण आलं. पिंजऱ्यातली विजेती नुसत्या ठोशांच्या खेळात टिकते का, हे बघायला सगळे उत्सुक होते. दुसऱ्या शहरात एक नावाजलेले वस्ताद तिला तयार करणार होते. खारू धावतच काकांकडे आली. चप्पल दारात एक इकडे, एक तिकडे.

"काका, बॉक्सिंगचे ग्लोव्ह्ज मोठे असतात. पट्टी जाड लागते, बोटांच्या गाठींवर गादी करावी लागते. तुम्हाला नवीन शिकावं लागेल. मी वस्तादांना सांगितलंय, हात बांधणारा माणूस माझा असेल."

काकांनी दोन्ही हात टेबलाखाली घेतले होते. त्या हिवाळ्यापासून उजव्या हाताचा अंगठा आणि त्याशेजारचं बोट आपल्या मनाने थरथरायला लागलं होतं. आधी चिकटपट्टी फाडताना जाणवलं, मग सदऱ्याचं बटण लावताना. दवाखान्यात सगळ्यांच्या ओळखी, तरी ते लांबच्या डॉक्टरांकडे जाऊन आले होते. गोळ्या सुरू झाल्या होत्या. कंप वाढत जाणार, एवढं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आणि हे काकूंशिवाय कुणालाही ठाऊक नव्हतं.

"मला नाही आवडत बॉक्सिंग," काका म्हणाले. "तू जा. त्यांच्याकडे बांधणारे चांगले असतील."

"म्हणजे तुम्ही येणारच नाही?"

"नाही."

खारूचा चेहरा पडला. काका खिडकीबाहेर बघत राहिले. मग तिने दारात जाऊन चपला सरळ केल्या, एकेक करून नीट घातल्या आणि निघून गेली. तिला असं सावकाश चपला घालताना काकूंनी कधी पाहिलं नव्हतं.

"खोटं बोललात," काकू म्हणाल्या.

"खरं सांगितलं असतं तर गेली नसती. माझ्यापायी थांबली असती."

"हे तुम्ही ठरवलंत. तिला विचारलंत?"

त्या दिवशी त्या घरात पहिल्यांदाच दोन्ही माणसं गप्प जेवली.

खारू दीड वर्ष बॉक्सिंग खेळली. सुरुवातीला अधूनमधून फोन करायची. काका "बरं, बरं" म्हणत फोन काकूंच्या हातात द्यायचे. हळूहळू फोन काकूंनाच यायला लागला. पहिल्या दोन लढती ती जिंकली. तिसरी मोठी होती. दोघांनी टीव्हीवर पाहिली. काकू पदराचं टोक चावत बसल्या होत्या आणि काका, नेहमीसारखे, फक्त हात बघत होते. चौथ्या फेरीनंतर ते ताडकन उठले.

"उजवा राखून ठेवतेय."

"दमली असेल."

"अगं, दमलेला हात खाली येतो. हा छातीशी धरलाय. दुखतोय तो! कुणी बघत कसं नाही?"

दहा फेऱ्या खारूने जवळजवळ एका हाताने काढल्या आणि गुणांवर हरली. समालोचक म्हणाला, वाघीण रिंगणात नवखी ठरली. काकांनी टीव्ही बंद केला आणि रिमोट ठेवायला गेले तर तो टेबलावर खडखड वाजला. काकूंनी त्यांच्या हातावर आपला हात ठेवला. बराच वेळ तसाच राहू दिला.

पुढचे दोन महिने वर्तमानपत्रांत एकच चर्चा होती: वाघीण पिंजऱ्यात परतणार का? कुणी लिहिलं, करार झाला. कुणी लिहिलं, संपली. काका प्रत्येक बातमी वाचायचे आणि वाचली नाही असं दाखवायचे.

मग एका सकाळी, काका निवांत दाढी करून बसले होते, तेव्हा बेल वाजली. दारात खारू. आत आली, काकूंच्या गळ्यात पडली, आणि काकांसमोर बसून उजवा हात टेबलावर ठेवला.

"डॉक्टर म्हणतात, जुन्या जागी बारीक चीर आहे. चार महिने काही मारायचं नाही. मग बघू." थांबून म्हणाली, "मला परत पिंजऱ्यात जावंसं वाटतंय, काका. निदान एकदा. पण हा हात मला काही सांगत नाही. तुम्हाला सांगायचा. तुम्ही रागावलेले आहात ते माहितीये मला. तरी बघा."

काकांना राहवलं नाही. त्यांनी तिचा हात हातात घेतला, आणि त्यांची बोटं तिच्या मनगटावर थरथरायला लागली.

खारूने आधी बोटांकडे पाहिलं, मग काकांकडे.

"कधीपासून?"

"झाली दोन वर्षं."

"म्हणजे मी जायच्या आधीपासून?"

काकांनी होकारार्थी मान हलवली.

"आणि मला सांगितलं, बॉक्सिंग आवडत नाही!" खारूचा आवाज चढला. "दीड वर्ष काका! दीड वर्ष मी रोज विचार करतेय की माझं काय चुकलं. तिथला माणूस हात बांधायचा, चांगला बांधायचा, पण दुखतंय असं मी त्याला सांगितलंच नाही. कारण तुम्हाला कधी सांगावं लागलं नव्हतं. तुम्हाला आपोआप कळायचं."

"चुकलं माझं," काका म्हणाले. "मला वाटलं, तुझ्या वाटेत यायला नको."

"तुम्ही वाटेत कधी होता? बरोबर होता ना!"

एवढं म्हणून ती रडायला लागली. पिंजऱ्यात नाक फुटलं तेव्हाही जी रडली नव्हती, ती मुलगी काकांची थरथरती बोटं दोन्ही हातांत धरून लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडली. काकांनी मोकळ्या हाताने तिचं डोकं थोपटलं. तोही हात थरथरत होता, पण आता लपवायचं काही उरलं नव्हतं.

काकू उठल्या. कपाटाच्या वरच्या फळीवरून काकांचा पट्ट्यांचा डबा काढला आणि गॉझचा एक रोल बाहेर घेतला. पट्टी दोन बोटांत ताणून बघितली.

"एवढंच ना?" त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं पुस्तकांचे कणे बांधले मी. तुम्ही सांगा, मी बांधते."

"अगं, पुस्तक ठोसा मारत नाही!"

"आणि तक्रारही करत नाही. हिला सांगा तक्रार करायला."

खारू डोळे पुसता पुसता हसली.

त्या चार महिन्यांत काकूंनी रोज सकाळी काकांचेच हात बांधले. काका शिकवायला खाष्ट निघाले. "ढिलं. सोड. परत." "घट्ट. बोटं निळी करतेस का माझी? परत." काकूही काही कमी नव्हत्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एकाही वेढ्याखाली दुमड राहू दिली नाही. कापडाची घडी कशी बसवायची हे त्यांना उपजतच ठाऊक होतं. अडचण अंगठ्याची होती. तो पुस्तकाला नसतो. एकदा त्यांनी काकांचा अंगठा मुठीतच बांधून टाकला आणि नेमका तेव्हा फोन वाजला. काकांनी कोपराने फोन उचलला.

एक गोष्ट मात्र काकांकडेच राहिली. खारू रोज येऊन बसायची आणि ते तिचा हात घेऊन डोळे मिटायचे आणि हाडामागून हाड चाचपायचे. बोटं थरथरत, पण जागा चुकत नसत. "इथे?" विचारायचे. आता खारू खरं उत्तर द्यायची. "थोडं." "काल जास्त होतं." "आज नाही." डॉक्टरांनी नवा एक्स-रे काढून हाड भरल्याचं सांगितलं, त्याच्या आठवडाभर आधी काकांनी सांगितलं होतं.

खारूने पिंजऱ्यात परतायचं ठरवलं. एक लढत, पुढचं पुढे. लढतीत खेळाडूच्या कोपऱ्यात थांबणाऱ्या मदतनिसांना परवाने लागत, म्हणून काकूंनी फोटो काढून घेतला आणि ओळखपत्र गळ्यात घातलं. लढतीच्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत तपासनीस आला. बांधलेल्या हातांवर पेनाने सही करायचं त्याचं काम. त्याने पट्टी उलटसुलट पाहिली, शिवणीसारख्या सरळ कडांवरून बोट फिरवलं.

"कुणी बांधली?"

"मी," काकू म्हणाल्या. "काही चुकलंय का?"

"नाही बाई. अशी नीटस मी पाहिली नाही."

"ह्यांनी शिकवलं," काकूंनी काकांकडे मान उडवली. काका खुर्चीत बसल्या बसल्या उगाच घसा खाकरत राहिले.

त्या दिवशी काकांनी पहिल्यांदा मान वर करून लढत पाहिली. काकूंनी त्यांचा हात घट्ट धरला होता, त्यामुळे कंप कुणाचा हे दोघांनाही कळत नव्हतं. दुसऱ्या फेरीत प्रतिस्पर्धी पुढे झेपावली. खारूने तिला खाली पाडलं, मागून मानेभोवती पकड घातली आणि समोरचीने हात आपटून हार मानली. सगळं मिळून सात मिनिटंसुद्धा नाहीत. स्टेडियम उठून उभं राहिलं.

खारू जाळीतून बाहेर आली ती थेट या दोघांकडे. घामाने निथळत, हसत. काकूंनी तिला मिठी मारली आणि मग तिचे दोन्ही हात धरून निरखले. पट्टीला साधी सुरकुती नव्हती.

"चार महिने जीव काढून शिकले," काकू म्हणाल्या, "आणि हिने एक धड ठोसा मारला नाही!"

काका इतके हसले की त्यांना ठसका लागला.

आता खारूचं पुढे काय, हे तिलाच ठरवायचं आहे. बॉक्सिंगचे वस्ताद पुन्हा बोलवतायत, पिंजऱ्यातलेही सोडत नाहीत. काकांचा कंप वाढलाय. चहा ते आता अर्धाच कप घेतात, दोनदा. रविवारी दोघं गोदामात जातात. खारूचं झालं की तिथल्या बाकीच्या मुली काकूंपुढे रांग लावतात, आणि काका शेजारच्या स्टुलावर बसून प्रत्येकीचा हात आधी आपल्या हातात घेतात.