वहीत नसलेली गिनी

हातोडी बसली, छिन्नी रुतली आणि गिनीच्या कडेला जवाएवढी चीर पडली. आत डोकावलो. आतही पिवळंधमक सोनंच. तरीही मी मान वर करून सांगितलं, “खोटी आहे.”

एकतीस-बत्तीस सालची गोष्ट. उरणच्या एका पेढीवर मी पारखी होतो, म्हणजे सोनं तपासून त्याची किंमत सांगणारा. समोर दोघं बसली होती. मिठागरावर राबणारा पोशा, आणि त्याच्या मुलीची होणारी सासू जानकीबाय. लग्नाआधी मुलीच्या अंगावर घालायचं सोनं दोन्ही बाजूंनी मिळून सराफाला दाखवायचं, अशी रीत. पोशाकडे सोनं म्हणजे ही एवढी एक गिनी.

कसोटीच्या दगडावर घासली, कस बावीस कॅरटचा उतरला. काट्यात टाकली, सव्वाआठ मासे; गिनीचं वजन तेवढंच असतं. फरशीवर आपटली, नाद खणखणीत. शहाणा माणूस इथे थांबला असता. माझ्याकडे मात्र वही होती.

मला गिन्या जमवायचा नाद. गिनीवर घोडेस्वार असतो. घोड्याखालच्या जमिनीवर कधीकधी मुंगीएवढं इंग्रजी अक्षर असतं, नाणं कुठल्या टांकसाळीत पडलं ते सांगणारं. एस म्हणजे सिडनी, एम म्हणजे मेलबर्न, पी म्हणजे पर्थ. अक्षर नसेल तर लंडन. हे सगळं मी चित्रं काढून वहीत उतरवलं होतं. पोशाच्या गिनीवर होता आय. माझ्या वहीत आय नव्हता. म्हणजे तो जगात नव्हता. म्हणून छिन्नी लावली, आणि आत सोनं निघालं तरी वहीच खरी मानली.

“खोटी?” पोशाने गिनी उचलून घेतली. “माज्या बानं लढाईच्या सालान बंदरावर गोनी व्हायल्या, तवा मिलाली ही.”

“तुझ्या बापाला फसवलं कुणीतरी.”

जानकीबाय उठली. “आज्याची गिनी अशी, तं नातीचं काय सांगावं? न्हाय जमायचं आमचं.”

ती गेली. पोशा गिनी मुठीत धरून पेढीच्या पायरीवर बसून राहिला. मी वही मिटली. फार ऐटीत मिटली.

तासाभराने मुंबईहून मगनभाई आले. सोन्याचा भाव चढल्यापासून ते गावोगाव गिन्या विकत घेत. त्यांनी पायरीवरच पोशाची मूठ उघडायला लावली.

“हे कोणी कापलं?”

“मी. आय अक्षराची गिनी नसतेच.”

“अरे मास्तर, आय एटले इंडिया! लढाईत मुंबईच्या टांकसाळीत पाडली. फक्त एक वरस.”

उरणच्या धक्क्यावर उभं राहिलं की मुंबई दिसते. मला सिडनी पाठ होतं, पर्थ पाठ होतं. समोरचीच तेवढी राहून गेली होती.

आमचे मालक नानाशेट एवढंच म्हणाले, “जा. लग्न जुळवून ये. तुझी वहीही ने, वाटेत खाडीत टाक.”

मी घरून माझी एक लंडनची गिनी घेतली आणि पोशाबरोबर मिठागराच्या बांधावरून जानकीबायचं अंगण गाठलं. चार माणसं जमली. मी हात जोडून सांगितलं, “गिनी अस्सल आहे. चूक माझी.”

“आन ही चीर? चिरलेलं सोनं नवरीच्या गल्यान घालू?”

मी माझी गिनी पुढे केली. “ही घ्या. चिरलेली मी ठेवतो.”

तिने ती उलटीपालटी केली. “ही खरी कशावरनं?”

“मी सांगतो ना.”

“तू?”

अख्खं अंगण हसलं. पोशाही हसला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. शेवटी मगनभाईंना बोलावणं गेलं. त्यांनी खरी म्हणून मान डोलावली आणि मगच पानसुपारी फिरली.

लग्न झालं. मला जेवायला बोलावलं, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला “हा तो पारखी” म्हणून दाखवलं.

चिरलेली गिनी अजून माझ्याकडे आहे. आय अक्षराच्या गिनीला हल्ली शौकीन लोक सोन्याच्या भावाहून जास्त देतात. ही दाखवली की म्हणतात, “चीर नसती तर! कोणत्या गाढवाने कापली?”

मी म्हणतो, “होता एक. वही होती त्याच्याकडे.”