गोळ्यांना शिफ्ट लावणारे बाबा

आमचे बाबा कामतघरला लूमच्या कारखान्यात मेहता होते. मेहता म्हणजे हजेरी घेणं, हिशेब लिहिणं आणि कामगारांवर डाफरणं, हे सगळं एकाच पगारात. निवृत्त झाल्यावर कामगार उरले नाहीत, म्हणून ते आमच्यावर डाफरू लागले. आणि सन नव्वदच्या सुमाराला हृदय थकलं, तेव्हा डॉक्टरांवर.

पाय इतके सुजले की चप्पल चढेना. पोट पाण्यानं तटतटलेलं. आडवं झालं की जीव घुसमटायचा, म्हणून कित्येक महिने ते खुर्चीत बसूनच झोपत. आत्यानं एकदा वज्रेश्वरीच्या गरम कुंडात पाय बुडवून आणले. सूज तीर्थयात्रा करून जशीच्या तशी परत आली.

लघवीची गोळी चालू होतीच, पण ती पुरेना. डॉक्टरांनी जोडीला दुसरी दिली. सकाळी आधी नवी घ्यायची, अर्ध्या तासानं जुनी, आणि थोड्या दिवसांनी रक्त तपासायचं. बाबांनी मान डोलावली. जे मुळीच करायचं नसे त्याला ते अशीच मान डोलवत.

घरी येऊन त्यांनी निकाल दिला. "एका मशीनवर दोन आदमी उभे केले की दोघं गप्पा मारतात. मला शिकवतायत."

मग गोळ्यांना शिफ्ट लागल्या. जुनी दिवसा, नवी रात्री, आणि दर शुक्रवारी अदलाबदल, कारण कारखान्यात तसंच व्हायचं.

आई म्हणाली, "अहो, डॉक्टर शिकलेले आहेत."

"शिकलेत. पण माणसं कुठे राबवलीत त्यांनी?"

दुसरा शुक्रवार उजाडायच्या आत पाणी छातीत चढलं. शिवीसुद्धा अर्धीच बाहेर पडू लागली, तेव्हा मी खरी घाबरले. रिक्षात घालून त्यांना दवाखान्यात नेलं आणि शिफ्टचं सगळं डॉक्टरांना सांगून टाकलं.

डॉक्टर हसले नाहीत. "मेहता, जुनी गोळी मीठ आणि पाणी बाहेर ढकलते. पण तुमचं मूत्रपिंड आता चलाख झालंय, पुढच्या टप्प्यावर तेच मीठ परत आत ओढतं. नवी गोळी त्याला तिथे अडवते. म्हणून दोन्ही एकत्रच हव्यात. आणि दोन्ही मिळून अंगातले क्षारही धुऊन नेतात, म्हणून रक्त बघायचं."

"मग हे आधी सांगायचं," बाबा म्हणाले. त्या अवस्थेतही.

त्यांना तिथेच ठेवून घेतलं. गोळ्या आता नर्स देत होती आणि तिच्यापुढे कोणाच्या अनुभवाला किंमत नव्हती. लघवीचं भांडं रिकामं करता करता आई दमून गेली, पण तक्रार म्हणून केली नाही.

एका दुपारी डबा घेऊन गेले, तर बाबा खाटेवर आडवे. उताणे, हात बाजूला, डोळे मिटलेले. आई स्टुलावर बसलेली. मी दारातच गार पडले, कारण इतक्या महिन्यांनंतर हा माणूस सपाट पडलेला दिसण्याचा एकच अर्थ मला सुचत होता.

मग त्यांची छाती वर आली, खाली गेली, आणि ते चक्क घोरू लागले. मला त्यांचा इतका राग आला की रडू आवरेना.