कुडाची शाळा आणि तिची पाटी

मेळघाटातल्या ज्या गावात माझी शिक्षक म्हणून पहिली नेमणूक झाली, तिथे आता कोणी राहत नाही. माणसं पुनर्वसनात अकोटकडच्या सपाटीवर गेली. पाच-सहा जुनी घरं तेवढी पर्यटकांसाठी जपून ठेवली आहेत. त्यांतल्या एका घरापुढे पाटी आहे : ‘जुनी शाळा. येथील शिक्षकाने स्वतःच्या हातांनी उभारली.’

तो शिक्षक मी. आणि ती शाळा मी उभारलेली नाही.

पहिल्याच वर्षी वादळात शाळेचं छप्पर उडालं. तेव्हा एका कोरकू दादांनी आपलं नवंकोरं घर मुलांसाठी रिकामं करून दिलं आणि बायकोसह दोन पावसाळे गुरांच्या गोठ्यात काढले. मी फक्त खडूचा डबा घेऊन आत गेलो. अहवालात मात्र ‘श्रमदानातून शाळा उभारली’ असं लिहिलं. श्रम कुणाचे, ते लिहिलं नाही. तालुक्याच्या गावी मला शाल-श्रीफळ मिळालं. पुढे लोक म्हणू लागले, गुरुजींनी हातांनी शाळा बांधली. मी मान डोलवत गेलो. पाटीसाठी माहिती विचारायला आले, तेव्हाही डोलवली.

गेल्या हिवाळ्यात शहरातून, राजापेठेहून गाडी केली, सपाटीवरून दादा आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या वयनी, यांना घेतलं आणि डोंगर चढलो. खिशात पाटीचा नवा मजकूर होता. तिथली देखभाल करणाऱ्या गृहस्थांनी पाटी बदलून द्यायचं फोनवर कबूल केलं होतं.

घरं छान ठेवली आहेत. सागाच्या बल्ल्यांचे खांब, मातीने लिपलेले कूड, कवेलूंचं छप्पर, अंगण झाडलेलं. दादा प्रत्येक दारात थांबून आत कोण राहायचं ते सांगत होते. शाळेपाशी आलो तेव्हा मी दोघांना पाटी वाचून दाखवली आणि खरं काय ते सांगून टाकलं.

दादा म्हणाले, “एवढंच? मले वाटलं गुरुजी लय बिमार हायेत, म्हनून अखेरचं भेटून राहिले.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“नातीनं कवाच वाचून दाखवलं.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोलून का करू? तुमच्या घरी शाल वापस मांगाले येऊ?”

वयनी एव्हाना आत जाऊन नखाने भिंत उकरत होत्या. “हे कोनं लिपलं? मातीत गव्हाचं कुटारच नाही घातलं. दोन पावसायात गयून पडते हे.”

देखभालीचे गृहस्थ ओशाळून हसले. मी चष्मा लावून नवा मजकूर वाचला. त्यात दादांचं नाव होतं, त्यांनी घर बांधलं, शाळेला दिलं, स्वतः गोठ्यात राहिले, सगळं होतं. ते मोठमोठ्याने वाचताना मला फार हलकं वाटत होतं.

“आन् मी?” वयनी दारात आल्या.

मी कागदाकडे पाहिलं.

“बल्ल्या यानं रोवल्या, एका उन्हायात. कूड मी लिपला, दर साली. गोठ्यातून येऊन लिपत होती. तुमची पोरं पाठी घासू घासू भित उकरत, आन् तुमी म्हनत, वयनी, जरा हात फिरवून द्या. का इसरले?”

विसरलो नव्हतो. तो चिखलाचा वास अजून आठवतो. पण घर कुणी बांधलं असं स्वतःला विचारलं, तेव्हा मला फक्त दादाच दिसले होते.

मी ओट्यावर बसलो, कागद गुडघ्यावर घेतला आणि त्यांचं नाव घालायला जागा शोधू लागलो.

“खाली नोका लिहू. वरतं लिहा,” वयनी म्हणाल्या. “लिपनं पह्यले.”

“मंग माह्यं नाव दुसरं?” दादांनी विचारलं.

“दुसरं तं दुसरं, हाये ना? गुरुजीनं तं ठेवलंच नोतं.”

दादा खो-खो हसले. मी जुन्या ओळी खोडल्या आणि वयनींचं नाव सगळ्यात वर लिहिलं. त्यांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं, मगच कागद त्या गृहस्थांच्या हातात जाऊ दिला.