दूर्वा उपटणारी चित्रलेखा

आमच्या चित्रलेखाला "जाऊ दे गं" म्हटलं, की समजावं, आता ती काही जाऊ देणार नाही. इथे परदेशात, मॉसन लेक्सला शिकायला आली, शिकली एक आणि नोकरी धरली वृद्धाश्रमाच्या किचनमध्ये. तिथल्या मॅनेजरपासून आमच्या मंडळाच्या सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांशी तिचं भांडून झालंय. बाई चुकते तीही तावातावाने.

२०१९च्या गणपतीत अशीच चुकली. निर्माल्य कचऱ्याच्या डब्यात जाऊ द्यायचं नाही हा तिचा हट्ट, म्हणून ते आम्ही घरामागच्या राखीव रानात पुरलं. शेजारीच तिने आपल्या कुंडीतल्या दूर्वा मुळांसकट लावल्या. पुढल्या वर्षी एकवीस जुड्यांची सोय! पाणी मीच घातलं. ते रान म्हणजे दूर दूर उभी नेटिव्ह पाइनची झाडं आणि मध्ये गुडघाभर गवत. आम्हाला ते ओसाडच वाटायचं.

मार्च २०२० मध्ये करोनाने सगळं थांबलं. रानाची निगा राखणारा स्वयंसेवकांचा गटही बंद झाला. उन्हाळ्याने गवत पिवळं पडलेलं, आणि एका कोपऱ्यात मात्र हिरवीगार सतरंजी. चित्रलेखाने गटाचा प्रमुख ग्लेन याला फोटो पाठवला. तो चौऱ्याहत्तर वर्षांचा, घरातच बसून. त्याने फोनवर समजावलं, की इथलं गवत झुबक्यांनी वाढतं, झुबक्यांमधल्या मोकळ्या मातीत पाइनचं बी रुजतं. दूर्वा ती माती झाकून टाकतात. मग म्हातारी झाडं पडली, की त्यांच्या मागे कोणी उरत नाही.

"कुणीतरी आणून लावलंय. इडियट्स!" तो म्हणाला.

"मी लावलंय," चित्रलेखा म्हणाली. मी शेजारी उभी होते. पाणी मी घातलं होतं हे मी सांगितलं नाही, त्याची मला अजून लाज वाटते.

कौन्सिलने एप्रिलअखेर अख्ख्या कोपऱ्यावर तणनाशक मारायचं ठरवलं. त्याच कोपऱ्यात पाइनची बोटभर रोपं आली होती, कित्येक वर्षांत पहिल्यांदा. दूर्वांबरोबर तीही मेली असती.

"मी हाताने काढते," तिने कौन्सिलच्या ऑफिसरला फोन केला.

"सॉरी, व्हॉलंटियरिंग सस्पेंडेड आहे."

"एक्सरसाइज अलाउड आहे ना? मग मी वाकायचा एक्सरसाइज करते." आणि फोन ठेवला.

शिफ्ट संपली की रोज आरव्होला, म्हणजे इथल्या बोलीत दुपारी, ती खुरपं घेऊन रानात. दूर्वेची काडी तुटली तर मातीत राहिलेल्या प्रत्येक पेरातून नवी दूर्वा फुटते, म्हणून बोटांनी माती उकरत ती शेवटापर्यंत जायची. मी दोन हात अंतर राखून दुसऱ्या बाजूने काढत होते. गुडघे सोलले, कंबर धरली. मंडळाच्या झूमवर सेक्रेटरी नरेंद्र म्हणाला, "दूर्वा उपटतेस? बरं दिसतं का ते?"

"दूर्वा गणपतीला आवडतात, इथल्या झाडांना नाही. गणपतीला मी समजावीन, तू म्यूट हो."

ठरल्या दिवशी पाठीला टाकी लावून फवारणीवाला आला. चित्रलेखा रोपांपुढे उभी राहिली.

"आधी दाखव, कुठे मारणार?"

तो बिचारा सगळा कोपरा फिरला. एका रोपाच्या बुडाशी हिरवी काडी सापडली. चित्रलेखाचा चेहरा पडला. तिने तिथेच फतकल मारली आणि रोपाला धक्का न लावता वीतभर दूर्वा मुळासकट ओढून काढली. त्याने ऑफिसला फोन लावून सांगितलं, की मारण्यासारखं इथे काही दिसत नाही. पलीकडचा ऑफिसर आम्हालाही ऐकू येईल इतका चिडला. हे तण आधी लावलं कुणी? आणि परवानगीशिवाय खणतंय कोण?

चित्रलेखाने मातीच्या हाताने फोन मागून घेतला.

"दोन्ही मीच. नाव लिहून घ्या, पत्ता पण देते. कारवाई करायची तर माझ्यावर करा. या झाडांनी काय केलंय?"

"एकटीचं नाही," मी ओरडले. "माझं पण नाव लिहा!"

तिने वळून माझ्याकडे पाहिलं आणि फोन माझ्यापुढे धरला.