वर काहीच नाही

"मॅडम, एप्सिलॉन थोडा वाढवा ना. आकडा आपोआप जुळते," नागपूरहून वानखडे सर म्हणाले. फोन स्पीकरवर होता आणि समोर नाझनीन बसली होती.

नाझनीन माझी पीएचडीची विद्यार्थिनी, पांढरकवड्याची. वडिलांचं हायवेवर ट्रक दुरुस्तीचं गॅरेज. यवतमाळला आमच्या कॉलेजात ती कॉम्प्युटरवर मॉडेल करते, मोजमाप नागपूरला वानखडे सरांच्या लॅबमध्ये होतं. दोन्हीकडचे आकडे जुळत नव्हते आणि फेलोशिपच्या मुदतवाढीची मीटिंग तोंडावर आली होती. मुदतवाढ नाही मिळाली, तर काम अर्धवट टाकून तिला कुठेतरी तासिका तत्त्वावर शिकवायला जावं लागणार होतं.

आमचं काम असं. जेमतेम दोन-तीन अणूंच्या जाडीचा सेमीकंडक्टरचा थर घ्या. प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन जागा सोडतो, मागे रिकामी जागा राहते, आणि दोघं एकमेकांच्या ओढीनं जोडीनं फिरतात. ही जोडी म्हणजे एक्सायटॉन. आसपासचा पदार्थ ती ओढ बोथट करतो, ते स्क्रीनिंग. किती बोथट, त्याचं माप एप्सिलॉन. जाड तुकड्यात हा मामला आतल्या आत निपटतो. पातळ थरात मात्र ओढ बाहेरूनही जाते, म्हणून थराच्या खाली काय आणि वर काय, याला फार महत्त्व. आमच्या मॉडेलमध्ये खाली सिलिका, वर हवा. जोडी मोजमापापेक्षा फारच घट्ट येत होती.

"सर, थराच्या वर काही आहे का?" नाझनीननं विचारलं.

"काहीच नाही. सिलिकावर ठेवला, बस."

फोन ठेवला. मला वानखडे सरांचा रागही आला आणि पोरीची काळजीही वाटली.

"वाढवायचा का एप्सिलॉन?" मी विचारलं.

"वाढवाले काय जाते मॅडम? पण काहून वाढवला असं कोणी इचारलं, तर काय सांगू?" ती पुढे म्हणाली, "अब्बाकडं डायव्हर येते ना, तो म्हणते गाडीले काहीच नाही केलं. अब्बा म्हणते, सकाळपासून काय काय केलं ते सांग. रोजचं काम मानसं धरतच नाही."

तिनं पुन्हा फोन लावला. "सर, सॅम्पल कसं बनवता, पहिल्यापासून सांगता का?"

सर वैतागले, पण सांगू लागले. थर उचलतो, सिलिकावर ठेवतो, धुतो, त्यावर बोरॉन नायट्राइडचा पापुद्रा टाकतो...

"पापुद्रा?"

"तो तर दरवेळीच टाकतो. थराले हवा लागू नये म्हणून. त्यात सांगाचं काय?"

"अरे, म्हणजे थराच्या वर हवा नाहीच!" सर स्वतःच म्हणाले. सरांच्याही लक्षात आलं होतं.

मॉडेलमध्ये हवा काढून पापुद्रा घातला. जोडी सैल झाली, आकडा मोजमापाजवळ आला. तंतोतंत नाही. उरलेला फरक नाझनीननं मीटिंगमध्ये तसाच मांडला. "हा एप्सिलॉन कुठून आणला?" हे एकानं विचारलंच. तिच्याकडे उत्तर होतं. मुदतवाढ मिळाली. मला पोरीचा फार अभिमान वाटला.

वानखडे सर खोटं बोलले नव्हते. भाजीत काय घातलं म्हटलं तर मीठ कोण सांगतं? तेव्हापासून मी कुणालाच "काही वेगळं केलं का" असं विचारत नाही. रोजचं काय करता, ते विचारते.

दुसऱ्या दिवशी मी पेढे घेऊन गेले, तर नाझनीन नागपूरला फोनवर.

"सर, तो थर धुता म्हणाले ना. कायनं धुता?"